अफूच्या चिकापासून दिघोरीपर्यंत

मॉर्फीनची दहा मिलिग्रॅमची गोळी दिसायला कुठल्याही साध्या गोळीसारखीच असते. पाण्याबरोबर घेतली की अर्ध्या-पाऊण तासात दुखणे उतरू लागते आणि हा उतार साधारण चार तास टिकतो. मग पुढची गोळी. किंमत काही रुपये. ज्याच्या जबड्यात, मणक्यात किंवा यकृतात कॅन्सर पसरला आहे त्याला रात्री झोप लागावी, कुशीवर वळता यावे, नातवाशी दोन शब्द बोलता यावेत, यासाठी इतके भरवशाचे आणि इतके स्वस्त औषध दुसरे नाही. ज्या पिकापासून ते बनते ते आपल्याच देशात, सरकारच्या परवान्याने, पिढ्यान्‌पिढ्या घेतले जाते. तरीही दिघोरीत कॅन्सरने मरणाऱ्या माणसाच्या उशाशी ही गोळी सहसा सापडत नाही. असे का, याचा हा मागोवा.

दिघोरी मोठी हे भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातले गाव. चुलबंद आणि वैनगंगेच्या पाण्यावर जगणारा हा धानाचा, तलावांचा, झाडीबोलीचा मुलूख. तेंदूपत्ता आणि विडी यांच्याशी इथल्या माणसाचे नाते जुने आहे. खर्रा त्या मानाने नवा, पण घरोघर पोचलेला. पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटायचा, चिमूट गालात धरायची आणि रोवणीला उतरायचे. गुटख्यावर राज्याने २०१२ साली बंदी घातली, पण पानठेल्यावर हाताने घोटलेला खर्रा काही थांबला नाही. त्यामुळे तोंडाचा कॅन्सर हा या भागात ओळखीचा आजार आहे. आधी गालात पांढरा चट्टा, मग तोंड उघडेनासे होणे, मग न भरणारी जखम. पुष्कळ जण नागपूर गाठतात तेव्हा उशीर झालेला असतो. शस्त्रक्रिया होते, शेक दिला जातो, जमीन गहाण पडते आणि एक दिवस डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात, ‘आता घरी न्या. जितकी होईल तितकी सेवा करा.’

ती सेवा करायची कशी, हे मात्र बहुतेकांना कुणी सांगत नाही. घरी आल्यावर गावातला डॉक्टर सलाइन लावतो, डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन देतो, फार तर ट्रॅमाडॉलची पट्टी लिहून देतो. ट्रॅमाडॉलसुद्धा २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले, त्यामुळे औषधविक्रेता तेही बिचकत देतो. आणि जखम तर वाढतच असते.

गोळीची वाट मुळापासून पाहायची तर माळव्यात जावे लागते. नीमच, मंदसौर, चित्तोडगड या पट्ट्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये खसखशीच्या बोंडांना उभ्या चिरा देतात. रात्रभर पाझरलेला चीक सकाळी खरवडून घेतात. तोच वाळला की अफू. शेतकऱ्याने तो सरकारलाच विकायचा, सरकारने गाझीपूर किंवा नीमचच्या कारखान्यात न्यायचा आणि तिथे त्यातून मॉर्फीन, कोडीन वेगळे काढायचे, अशी ही व्यवस्था आहे. असा चीक काढून कायदेशीर अफू निर्यात करणारा जगातला हा एकमेव देश. दिघोरीपासून नीमच दूर आहे, राज्यही वेगळे, पण देश तोच, कायदा तोच.

औषध म्हणून अफू आपल्याकडे चरक-सुश्रुतांच्या काळी नव्हती. ‘अहिफेन’ या नावाने ती ‘शार्ङ्गधरसंहिते’त, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास दिसते. पुढे वैद्यांनी तिचा मोठा उपयोग केला तो अतिसारावर. कर्पूररसात ती आहे. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया तान्ह्या पोरांना अफूची बाळगोळी देऊन निजवत, कारण पोराला सांभाळायला घरी कुणी नसे. वेदना शमवणारी, झोप आणणारी, जुलाब थांबवणारी म्हणून अफू घराघराला माहीत होती. तिचे व्यसन लागते हेही माहीत होते. माहीत नव्हते ते प्रमाण. कुठल्या अफूत किती जोर आहे हे खाऊन पाहिल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता.

मराठ्यांच्या इतिहासाशी या पिकाचे नाते आहे, पण त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. माळव्यातली अफू शिंदे-होळकरांच्या मुलखातली. कंपनी सरकारला बंगालच्या अफूची मक्तेदारी टिकवायची होती म्हणून माळव्याचा माल अडवण्याचा तिने बराच प्रयत्न केला. तो फसला, तेव्हा १८३० च्या सुमारास परवाना-शुल्क घेऊन मालाला मुंबईची वाट मोकळी करून दिली. मुंबई बंदरातून पेट्याच्या पेट्या चीनला गेल्या. या व्यापारात ज्यांनी अमाप पैसा कमावला त्यांत सर जमशेटजी जिजीभाई होते आणि त्यांच्या देणगीतून १८४५ साली मुंबईचे जे. जे. रुग्णालय उभे राहिले. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. महाराष्ट्रातल्या आधुनिक वैद्यकाच्या पायात अफूचा पैसा आहे, आणि त्याच महाराष्ट्रातल्या खेड्यात आज मरत्या माणसाला अफूचे औषध मिळत नाही.

सरकारच्या लेखी अफू म्हणजे आधी महसूल होता. १८५७ आणि १८७८ चे अफू कायदे पीक कुणी घ्यायचे, विकायचे कुणी, ठेका कुणाचा, यासाठी होते. पुढे चीनमधल्या व्यसनाचा बोभाटा झाला, आंतरराष्ट्रीय करार झाले, १९३० चा घातक औषधांचा कायदा आला आणि महसुलाची वस्तू हळूहळू गुन्ह्याची वस्तू झाली. या सगळ्या कागदपत्रांच्या ढिगात आजारी माणूस कुठे तरी तळाशी आहे. अफूच्या प्रत्येक कायद्यात व्यापारी आहे, ठेकेदार आहे, व्यसनी आहे, तस्कर आहे. रोगी आहे तो अपवाद म्हणून.

तिकडे युरोपात दुसरा धागा सुरू झाला होता. जर्मनीतल्या पाडरबॉर्न गावी औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या फ्रीडरिश झेर्ट्युर्नर नावाच्या तरुणाने १८०५ च्या सुमारास अफूतून तिचा गुणकारी अंश वेगळा काढला. तेच मॉर्फीन. जोर किती हा प्रश्न त्याने सोडवला, कारण आता औषध तोलता येऊ लागले. १८२७ मध्ये डार्मश्टाटच्या मर्क कंपनीने त्याचे उत्पादन सुरू केले. १८५३ साली एडिंबराच्या अलेक्झांडर वूडने पोकळ सुईची पिचकारी वापरून ते कातडीखाली टोचले. या सुईने फायदा झाला तसे नुकसानही झाले. मॉर्फीन म्हणजे इंजेक्शन, आणि इंजेक्शन म्हणजे व्यसन, अशी सांगड लोकांच्या आणि डॉक्टरांच्याही मनात बसली ती दीडशे वर्षे निघाली नाही.

कॅन्सरच्या रुग्णाला मॉर्फीन पाजावे, तेही नियमाने, हा विचार रुजायला शंभर वर्षे लागली. लंडनमधले शल्यचिकित्सक हर्बर्ट स्नो यांनी १८९६ मध्ये पसरलेल्या कॅन्सरसाठी अफू आणि कोकेन यांच्या मिश्रणाबद्दल लिहिले. त्याच घराण्यातले एक मिश्रण पुढे ब्रॉम्प्टन रुग्णालयाच्या नावाने प्रसिद्ध झाले. त्यात मॉर्फीन असे, कोकेन असे, मद्य असे, गोडीसाठी पाक असे. ते मरणाऱ्याला द्यायचे पेय होते आणि ते समोर आले की रुग्णाला कळे, आपली वेळ आली.

या पेयातली गडबड सिसिली सॉण्डर्स यांनी निस्तरली. त्या आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि मग मुद्दाम शिकून डॉक्टर झाल्या. पहिल्या दोन कामांत रुग्णाजवळ बसण्याची जी सवय लागली, ती त्यांच्या वैद्यकात उतरली. लंडनच्या सेंट ल्यूक रुग्णालयात परिचारिका दुखणे उठायच्या आतच ठरल्या वेळी मॉर्फीन पाजतात, हे त्यांनी पाहिले होते. एरवी रिवाज असा, की रुग्णाने कण्हावे, विनवावे, मग परिचारिकेने घड्याळ पाहून ‘अजून वेळ झाली नाही’ म्हणावे. यात माणूस पुढच्या कळेच्या धास्तीनेच अर्धा मरतो. सॉण्डर्स यांनी सेंट जोसेफ संस्थेत शेकडो रुग्णांच्या नोंदी ठेवल्या आणि दाखवून दिले, की ठरल्या वेळी तोंडाने दिलेले मॉर्फीन वर्षानुवर्षे काम करते, माणूस गुंगीत राहत नाही आणि मात्रा बेसुमार वाढवावी लागत नाही. १९६७ साली त्यांनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले. तिथेच रॉबर्ट ट्वायक्रॉस यांनी ब्रॉम्प्टनच्या पेयाची तपासणी केली आणि कोकेन, मद्य वगैरेचा काही उपयोग नाही, नुसते मॉर्फीन पुरते, हे सिद्ध झाले. दीड शतकाच्या वळशानंतर गोष्ट साधी झाली. एकच औषध, तोंडाने, घड्याळाप्रमाणे.

१९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनेवरची छोटी पुस्तिका काढली आणि हे ज्ञान गरीब देशांच्या हाती दिले. आधी पॅरासिटामॉलसारखी साधी औषधे, मग कोडीनसारखी, मग मॉर्फीन, अशा तीन पायऱ्या. खेड्यातल्या डॉक्टरलाही जमावे इतकी सोपी मांडणी. त्याच वर्षी टाटा मेमोरियल रुग्णालयातले शल्यचिकित्सक डॉ. एल. जे. डिसूझा यांनी वांद्र्याला ‘शांती आवेदना सदन’ सुरू केले. मरणासन्न कॅन्सर रुग्णांसाठीची ही देशातली पहिली संस्था, आणि ती महाराष्ट्रात निघाली.

वर्ष मात्र वाईट होते. आदल्या वर्षी, १४ नोव्हेंबर १९८५ रोजी, अमली औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ यांचा नवा कायदा लागू झाला होता. अफूचे जुने कायदे रद्द करून तो आला. १९६१ च्या ज्या आंतरराष्ट्रीय कराराला धरून तो केला, त्याच्या प्रस्तावनेतच म्हटले होते, की वेदना शमवण्यासाठी या औषधांचा वैद्यकीय उपयोग अपरिहार्य आहे आणि ती उपलब्ध राहतील याची तजवीज केली पाहिजे. आपल्या कायद्याने त्यातला बंदोबस्ताचा भाग तेवढा उचलला. किमान दहा वर्षांची सक्तमजुरी, जामिनाची मारामार. रुग्णालयाला मॉर्फीन आणायचे तर साठ्याचा परवाना वेगळा, वाहतुकीचा वेगळा, दुसऱ्या राज्यातून आणायचे तर त्या राज्याचा वेगळा. एक परवाना मिळेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपलेली असे. उत्पादन शुल्क खात्याच्या ज्या टेबलावर दारूच्या दुकानाची फाइल, त्याच टेबलावर मरणाऱ्याच्या औषधाची. नोंदवहीत एक गोळी कमी भरली तर तुरुंग, या भीतीने औषधविक्रेत्यांनी मॉर्फीन ठेवणेच सोडले. रुग्णालयांनी सोडले. मग वैद्यकीय महाविद्यालयांनी शिकवणे सोडले, कारण जे औषध वॉर्डात नाही ते विद्यार्थ्याला दाखवायचे कसे?

१९९७ सालापर्यंत देशभराचा वर्षाचा वैद्यकीय खप १८ किलोवर आला. कायद्यापूर्वीच्या तुलनेत ही घट नव्वद टक्क्यांहून जास्त. १८ किलो म्हणजे दहा मिलिग्रॅमच्या अठरा लाख गोळ्या. एका रुग्णाला दिवसाला सहा धरल्या आणि तीन महिने धरले, तर सगळ्या भारताचा साठा मिळून तीन-साडेतीन हजार जणांना पुरला असता. उरलेले लाखो लोक दुखण्यातच गेले. त्या बारा वर्षांत विदर्भातल्या वैद्यकीय महाविद्यालयांतून बाहेर पडलेले डॉक्टर आज पन्नाशी-साठीत आहेत आणि वरिष्ठ पदांवर आहेत. त्यांच्यातल्या अनेकांनी मॉर्फीनची गोळी कधी लिहिलेली नाही. मी हे दोष म्हणून लिहीत नाही. त्यांना ती कुणी दाखवलीच नाही.

या काळातही काही माणसे लढत राहिली. १९९३ साली कोळिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सोबत्यांनी वेदनाशमनाची संस्था काढली. १९९७ मध्ये पुण्याला वारज्यात सिप्ला कंपनीच्या मदतीने कॅन्सर रुग्णांसाठी विनामूल्य केंद्र सुरू झाले, जिथे रुग्णाच्या घरच्यांना शुश्रूषा शिकवून परत पाठवतात. टाटा रुग्णालयात डॉ. मेरी ॲन मुकादन यांनी वेदनाशमनाचा विभाग वाढवला. त्यांची माणसे मुंबईच्या चाळी-झोपड्यांत रुग्णाच्या घरी जाऊ लागली आणि २०१२ मध्ये तिथे या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही सुरू झाला. नागपुरात ‘स्नेहांचल’ हे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठीचे केंद्र उभे राहिले.

नागपूरच्या प्रादेशिक कॅन्सर रुग्णालयाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे. पूर्व विदर्भातल्या गरीब कॅन्सर रुग्णाला ‘तुकडोजी’ म्हटले की आधी हे रुग्णालय आठवते. महाराज स्वतः कॅन्सरने गेले, ११ ऑक्टोबर १९६८ रोजी, मोझरीच्या गुरुकुंजात. शेवट आश्रमात, आपल्या माणसांत. १९६८ म्हणजे सॉण्डर्स यांचे हॉस्पिस सुरू होऊन एकच वर्ष झाले होते. विदर्भाचा सगळ्यांत लाडका माणूस जसा घरच्यांच्या, भक्तांच्या सेवेत गेला, तसाच दिघोरीतला शेतमजूरही आपल्या घरी जाऊ पाहतो. घरी मरणे ही आपली रीत आहे आणि ती चांगली आहे. त्या घरात औषध पोचवले नाही, हा दोष व्यवस्थेचा.

आता त्या घरात जाऊ. कारण गोळीने काय होते आणि काय होत नाही, हे तिथेच समजते.

दुखणे ही पहिली तक्रार. तोंडाच्या कॅन्सरमध्ये गिळता येत नाही, तेव्हा साधी गोळी पाण्यात विरघळवून नाकातल्या नळीतून देता येते. मॉर्फीनने बद्धकोष्ठ होतेच, आणि ते आपोआप जात नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून जुलाबाचे औषध जोडीला हवे. पहिले काही दिवस मळमळ, थोडी गुंगी येते, मग शरीर सरावते. दम लागत असेल तर त्यावरही मॉर्फीन थोड्या मात्रेत काम करते. हे फार थोड्यांना ठाऊक आहे. छातीत कॅन्सर पसरलेल्या माणसाला पाण्याबाहेरच्या मासोळीसारखे तडफडताना पाहून घरचे ऑक्सिजनचा सिलिंडर शोधत नागपूरपर्यंत धावतात. पुष्कळदा पाठीला उशा लावून बसवणे, तोंडावर पंख्याचा वारा आणि औषधाची छोटी मात्रा यांनी त्याहून जास्त आराम पडतो.

काही त्रासांवर मॉर्फीनचा उपयोग नाही. गालाची जखम बाहेर फुटली की वास सुटतो, आणि या वासाने माणूस जिवंतपणीच एकटा पडतो. त्याची खाट ओसरीत येते, मग गोठ्याकडे. लेकरे जवळ यायची थांबतात. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची पूड जखमेवर भुरभुरली की एक-दोन दिवसांत वास कमी होतो. ही गोळी प्रत्येक आरोग्य केंद्रात असते, पण तिचा हा उपयोग फार कमी जणांना सांगितला जातो. जखमेत अळ्या पडल्या तर टर्पेंटाइनचा बोळा धरून त्या चिमट्याने काढता येतात. रक्त जाण्याची भीती असेल तर गडद रंगाचा टॉवेल जवळ ठेवावा आणि घट्ट दाबून धरावा. पांढऱ्या कापडावर थोडे रक्तही फार दिसते आणि सगळ्यांचा, रुग्णाचासुद्धा, धीर खचतो.

मग खाणे सुटते. सगळ्या घराचा जीव इथे अडकतो. आई भाताची पेज घेऊन बसते, लेक ‘दोन घास तरी घ्या बाबा’ म्हणून रडते, शेजारी विचारतात, उपाशी ठेवलं का? खरे असे, की शरीर आवरते घेऊ लागले म्हणून भूक गेलेली असते. खात नाही म्हणून तो जात नाही. बळेने भरवलेला घास ठसका देतो. शेवटच्या दिवसांत चढवलेल्या सलाइनने हातापायांवर सूज येते, छातीत पाणी साचते आणि घरघर वाढते. त्यापेक्षा ओल्या कापडाने ओठ भिजवावेत, तोंड स्वच्छ ठेवावे, चमच्याने मागेल तेवढेच पाणी द्यावे. आपल्याकडे शेवटचे पाणी पाजायची रीत आहेच. तीच थोडी आधीपासून, थेंबाथेंबाने करायची, एवढेच.

शेवटच्या दोन-तीन दिवसांत काही जण बेचैन होतात, चादर ओढतात, उठून जायला पाहतात. लोक म्हणतात, याचा जीव कशात तरी अडकला आहे. आधी लघवी तुंबली आहे का, शौच किती दिवसांत झाले नाही, हे पाहावे. पुष्कळदा कारण तिथेच असते. नसेल तर त्यावर औषधे आहेत. मग घरघर लागते. ऐकणाऱ्याला ती असह्य होते, पण तोवर माणूस सहसा शुद्धीत नसतो आणि त्याला तिचा त्रास होत नाही. कुशीवर वळवले की आवाज कमी होतो. ग्लायकोपायरोलेटसारखे इंजेक्शन स्राव आटवते. हातपाय गार पडतात, श्वास थांबून थांबून येतो. त्याला ऐकू येत असेल असे धरूनच बोलावे. खाटेशेजारी जमिनीच्या वाटणीची आणि खर्चाची चर्चा करू नये.

या सगळ्यात गोळीची जागा मोठी आहे, पण ती हे सगळे नाही. आणि गोळी दिल्यामुळे माणूस लवकर जातो, ही समजूत खोडून काढायला हवी. ‘परवा मॉर्फीन सुरू केलं आणि काल गेले,’ असे घरोघर सांगतात, कारण आपल्याकडे ती सुरूच होते परवा. जी महिनाभर आधी द्यायची, ती अखेरच्या दोन दिवसांत दिली की दोष तिच्या माथी येतो. योग्य मात्रेने सुरू करून बेताबेताने वाढवलेले मॉर्फीन आयुष्य तोडत नाही. व्यसनाच्या भीतीचेही तसेच. तीव्र वेदना असलेल्या, देखरेखीखाली औषध घेणाऱ्या आणि काही आठवड्यांचा सोबती असलेल्या माणसाला व्यसनाच्या नावाखाली दुखण्यात ठेवणे, याला मी क्रूरपणाच म्हणेन.

कायदा शेवटी बदलला. २००७ साली राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. वर्षानुवर्षे संसदेच्या पायऱ्या झिजवल्या. पंधराव्या लोकसभेच्या अगदी शेवटच्या दिवसांत, फेब्रुवारी २०१४ मध्ये, दुरुस्ती दोन्ही सभागृहांत मंजूर झाली. मॉर्फीन, फेंटॅनिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन या सहा औषधांना ‘अत्यावश्यक’ ठरवून त्यांचे नियम देशभर एक केले. आता ढीगभर परवाने नाहीत. राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता पुरते. संस्थेत या औषधांचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर असावा, साठा कुलपात असावा, नोंद ठेवावी, बस्स. राष्ट्रीय उपशामक सेवा कार्यक्रम २०१२ पासून कागदावर आहे. महाराष्ट्राने त्याच वर्षी स्वतःचे धोरणही केले. केरळने ते २००८ मध्ये केले होते आणि महाराष्ट्र त्यानंतरचा. आयुष्मान आरोग्य केंद्रांनी द्यायच्या बारा सेवांत ही एक सेवा लिहिलेली आहे.

म्हणजे कागद पुरे झाले. तरी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ मध्ये मांडलेल्या हिशेबात भारताला गरजेच्या जेमतेम चार टक्के मॉर्फीन मिळते असे निघाले. केरळात चित्र वेगळे आहे, कारण तिथे औषधाच्या मागे माणसे उभी केली. शिक्षक, दुकानदार, रिक्षावाले, गृहिणी आठवड्याला काही तास देतात, रुग्णाला आंघोळ घालतात, जखम बांधतात, नर्सला बोलावून आणतात. पंचायती त्यासाठी पैसा ठेवतात.

दिघोरीकडच्या झाडीपट्टीत अशी माणसे नाहीत असे कुणी म्हणू नये. धानकापणीनंतर रात्र-रात्र नाटके उभी करणारा हा मुलूख आहे. गावोगाव तुकडोजी महाराजांची गुरुदेव सेवा मंडळे आहेत. कुणी गेले की भजनाला पहिली तीच येतात. ही मंडळे माणूस जाण्याच्या महिनाभर आधी त्याच्या खाटेपाशी आली, चार जणांनी कूस वळवणे आणि जखम बांधणे शिकून घेतले, तर तुकडोजी महाराजांच्या नावाचे याहून मोठे काम दुसरे नसेल. आशाताई घराघरात जातातच. त्यांच्या वहीत गर्भवतीची नोंद असते तशी खाटेवरच्या रुग्णाचीही असावी. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात मान्यता घेऊन साठा ठेवणे आणि तालुक्याच्या ठिकाणी दोन डॉक्टरांना प्रशिक्षण देणे हा काही मोठ्या खर्चाचा विषय नाही.

दिघोरीच्या, लाखांदूरच्या, साकोलीच्या वाचकांना एवढेच सांगायचे आहे. तुमच्या घरी असा रुग्ण असेल तर नागपूरहून निघतानाच डॉक्टरांना विचारा: दुखण्याला मॉर्फीन द्याल का, जुलाबाचे औषध जोडीला लिहाल का, संपल्यावर ते कुठे मिळेल, आणि रात्री त्रास वाढला तर फोन कुणाला करायचा. मिळत नसेल तर ग्रामसभेत ठराव करा आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी द्या. २०१४ पासून कायदा आड येत नाही.